गच्चीवरची छत्री, टेम्पोचा हॉर्न आणि फिजिक्सवाल्याची नोकरी

साताऱ्यात शाहूपुरीच्या कुठल्याही गच्चीवर उभं राहून आजूबाजूला बघा. टीव्हीच्या छत्र्या जवळपास सगळ्या एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या दिसतील, आग्नेयेला. डीडी फ्री डिशची छत्री ज्याच्याकडे बघते तो जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. सातारा ७४ अंशांवर. म्हणून दक्षिणेकडून बऱ्यापैकी पूर्वेला वळायचं आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर बघायचं. छत्री तेवढी वर बघतेय असं वाटत नाही, कारण तिची बनावटच तिरकी असते. तिची खरी नजर दिसते त्याहून बरीच वर असते.

गेल्या पावसाळ्यात आमची छत्री वाऱ्यानं हलली. दुरुस्तीला आलेला मुलगा पाना घेऊन वर, मी जिन्यात, बायको टीव्हीसमोर. "आलं... गेलं... आलं, आलं, थांबवा!" हे तीन मजल्यांवरून अर्धा तास चाललं. खेळ सगळा दोन-तीन अंशांचा. पण नट एकदा आवळला की छत्रीला पुन्हा वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही, कारण ३६,००० किलोमीटरवरचा तो उपग्रह आपली जागा सोडत नाही. तो आपसूक तिथे राहत नाही. सूर्य आणि चंद्र त्याला सतत ओढत असतात. हासन आणि भोपाळच्या नियंत्रण केंद्रांत बसलेली माणसं त्याची जागा मोजत राहतात आणि गरज पडली की छोट्या इंजिनांचा हलका धक्का देऊन त्याला परत जागेवर आणतात.

त्याच आठवड्यात तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, "सर, फिजिक्सवाल्याला मिलिटरीत उपग्रहांवर काम मिळतं का? आणि मिळालं तर तो नेमकं करतो काय?" ती कोरेगाव तालुक्यातली, वडील सैन्यातून निवृत्त. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न साहजिक आहे. अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली, घरटी एक फौजी असलेल्या वाड्या आहेत. पण मिलिटरी म्हटलं की डोळ्यांसमोर बंदूक येते आणि उपग्रह म्हटलं की धूर सोडणारं रॉकेट. या दोन्हींच्या मध्ये फिजिक्सवाला बसतो आणि तो बहुतेक वेळ एकच काम करत असतो: वेळ आणि लहरी मोजणं. तिला मी जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी उपग्रह खाली का पडत नाही, हे पाहू. तो पडतच असतो. अजिंक्यताऱ्याच्या तटावरून दगड आडवा भिरकावला तर तो गोडोलीच्या बाजूला उतारावर कुठेतरी पडेल. जास्त जोरानं टाकला तर आणखी पुढे. कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात पाच मीटर खाली येते. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे आठ किलोमीटर पुढे गेलं की जमीनसुद्धा पाच मीटर खाली वाकलेली असते. म्हणजे हवेचा अडथळा नसेल आणि दगड सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगानं सुटला, तर तो जितका पडेल तितकीच जमीन त्याच्याखालून सरकत जाईल. तो पडत राहील आणि कधीच टेकणार नाही. जमिनीजवळच्या उपग्रहांना अशी एक फेरी मारायला दीड तास लागतो. ३६,००० किलोमीटरवर बरोबर एक दिवस लागतो, म्हणून तिथला उपग्रह आपल्याला एका जागी खिळल्यासारखा दिसतो.

आता लहरींकडे येऊ. यासाठी आम्ही एक प्रयोग केला. त्या मुलीच्या चुलत्यांचा टेम्पो आहे, आल्याची पोती घेऊन जातो. एका रविवारी सकाळी कोरेगाव रस्त्यावर रिकाम्या टप्प्यात त्यांना सांगितलं, एका वेगानं या, हॉर्न दाबून धरा आणि आमच्यासमोरून तसेच पुढे जा. आम्ही रस्त्याच्या कडेला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. गाडी जवळ येताना हॉर्नची कंपनं सेकंदाला ४२०, लांब जाताना ३९२. आवाज उतरतो हे कानाला कळतंच, पण तो किती उतरला यावरून गाडीचा वेग निघतो. आमचं उत्तर ताशी ४३ किलोमीटर आलं. चुलते म्हणाले, काटा चाळीसच्या जरा वर होता. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. येणाऱ्या गाडीच्या लहरी दाटीवाटीनं येतात, जाणाऱ्या गाडीच्या ताणल्या जातात.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघानं स्पुटनिक हा जगातला पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेत मेरीलँडमध्ये, नौदलासाठी काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ होते. पुढच्या काही दिवसांत त्यांनी रेडिओ लावून स्पुटनिकची बीप-बीप टेपवर घेतली. स्पुटनिकचा संदेश सेकंदाला दोन कोटी कंपनांचा आणि उपग्रह येता-जाता त्यात पडणारा फरक जास्तीत जास्त पाचशेच्या आसपास. दोन कोटींत पाचशे! पण तेवढ्या फरकाच्या वळणावरून त्यांनी उपग्रहाची अख्खी कक्षा काढली. कुणी त्यांना हे काम नेमून दिलेलं नव्हतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी तोच प्रश्न उलटा घातला. तुम्ही कुठे उभे आहात हे माहीत असताना उपग्रह कुठे आहे ते सापडलं. मग उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल तर तुम्ही कुठे आहात ते सापडेल का? नौदलाला नेमकं हेच हवं होतं. पाणबुडीतून क्षेपणास्त्र सोडायचं तर आधी आपली पाणबुडी कुठे आहे हे कळायला हवं आणि अथांग समुद्रात मैलाचे दगड नसतात. यातून ट्रान्झिट ही उपग्रहांवरून जागा सांगणारी जगातली पहिली यंत्रणा उभी राहिली. १९६४ पासून ती नौदलाच्या कामाला लागली आणि १९६७ मध्ये व्यापारी जहाजांनाही खुली झाली.

सैन्य आणि उद्योग या दोन्ही वाटांनी एकच माणूस कसा चालतो, याचं उदाहरण म्हणून मी आयव्हन गेटिंग यांचं नाव घेतो. हे भौतिकशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात एमआयटीच्या प्रयोगशाळेत विमानविरोधी तोफांना आपोआप नेम धरून देणाऱ्या रडारवर त्यांच्या गटानं काम केलं. १९५१ मध्ये ते रेथिऑन कंपनीत गेले. १९६० मध्ये हवाई दलाला उपग्रह आणि क्षेपणास्त्रांच्या कामात तांत्रिक सल्ला देण्यासाठी एरोस्पेस कॉर्पोरेशन नावाची ना-नफा संस्था निघाली, तिचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि १९७७ पर्यंत राहिले. जीपीएसच्या मागे ज्यांनी नेट लावला त्यांत त्यांचं नाव वरचं आहे. प्रयोगशाळा, कंपनी, सल्लागार संस्था अशी टेबलं बदलली, पण लहरीला पोचायला किती वेळ लागला हा प्रश्न रडारपासून उपग्रहापर्यंत तोच राहिला.

जीपीएसचं मूळ घड्याळात आहे. प्रकाश आणि रेडिओलहरी एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातात, आपल्या फूटपट्टीएवढं अंतर. उपग्रह म्हणतो, "आत्ता इतके वाजले, मी इथे आहे." हा निरोप तुमच्या मोबाइलला किती उशिरा पोचला त्यावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांवरून जागा सापडायला हवी, पण मोबाइलमधलं घड्याळ साधं असतं, त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. उपग्रहावरचं घड्याळ मात्र साधं असून चालत नाही. ते एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. पोवई नाक्याऐवजी भलत्याच गल्लीत पोचाल.

अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले रॉजर ईस्टन यांनी अचूक घड्याळ उपग्रहातच बसवायचं हा धागा धरला. १९६७ मध्ये त्यांचा टायमेशन मालिकेतला पहिला उपग्रह गेला. पुढे १९७७ मध्ये गेलेल्या एनटीएस-२ मध्ये सीझियमचं आण्विक घड्याळ होतं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे वेगानं फिरणारं घड्याळ मंद चालायला हवं आणि गुरुत्वाकर्षण कमी असलेल्या उंचीवर ते जलद चालायला हवं. जीपीएसच्या २०,२०० किलोमीटर उंचीवर वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) मागे आणि उंचीमुळे ४५ पुढे, म्हणजे एकूण ३८ मायक्रोसेकंद पुढे. प्रकाशाच्या हिशेबानं दिवसाला अकरा किलोमीटरची चूक! पण हे खरंच होईल का, याबद्दल त्या प्रकल्पात काहींना शंका होती. म्हणून उपग्रहात दुरुस्तीचं यंत्र बसवलं आणि ते बंद ठेवून उपग्रह सोडला. वीस दिवस घड्याळ तसंच चालू दिलं. ते भाकिताप्रमाणे जलद चाललं. मग वर आज्ञा पाठवून दुरुस्ती चालू केली. वर्गात हा प्रसंग सांगताना मी दर वेळी थांबतो. शंका घेणारे आणि खात्री असलेले यांच्यात वाद न वाढवता एक बटण बसवलं आणि निसर्गालाच विचारलं.

घड्याळावर सगळं कसं अडतं, हा अनुभव आपल्याही देशाला आला आहे. नाविक या जागा सांगणाऱ्या आपल्या यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. त्याची परदेशातून आणलेली तिन्ही रुबिडियमची आण्विक घड्याळं बंद पडली. उपग्रह वर धडधाकट, पण वेळ सांगता येत नाही, मग जागा कशी सांगणार? २९ मे २०२३ रोजी गेलेल्या याच यंत्रणेच्या एनव्हीएस-०१ मध्ये प्रथमच आपल्याकडे बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलं गेलं.

जीपीएसचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की तो आजूबाजूच्या गोंगाटाच्याही खाली दबलेला असतो. पालच्या खंडोबाच्या यात्रेत लाखाच्या गर्दीत लांबवर कुणीतरी हलगी वाजवतंय असं समजा. नुसतं ऐकून कळणार नाही. पण तो ठेका तुम्हाला आधीपासून पाठ असेल आणि तुम्ही मनात तोच धरून ऐकत राहिलात, तर गोंगाटातूनही तो कुठे जुळतो ते सापडतं. प्रत्येक उपग्रहाचा ठेका वेगळा आणि रिसिव्हरला तो पाठ असतो. सैन्यासाठी निराळा, गुप्त ठेका असतो. शत्रू मुद्दाम गोंगाट वाढवतो तेव्हा काय करायचं, यावर काम करणारे फिजिक्सवाले दोन्हीकडे आहेत, गणवेशातही आणि कंपनीतही.

सैन्यासाठी केलेल्या मोजमापातून विज्ञानाला काय मिळू शकतं, याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट वेला उपग्रहांची. १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी हवेत, पाण्यात आणि अंतराळात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. कुणी लपूनछपून चाचणी करतंय का हे बघायला त्याच वर्षी अमेरिकेनं वेला उपग्रहांची पहिली जोडी सोडली. एक लाख किलोमीटरहून उंच, गॅमा किरणांवर डोळा ठेवून. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी एक चमक टिपली. अणुस्फोटाच्या चमकेसारखी ती दिसत नव्हती. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी नोंद बाजूला ठेवली, फेकली नाही. पुढे जास्त चांगले उपग्रह गेले, आणखी चमका सापडल्या. एकच चमक एका उपग्रहाला आधी आणि दुसऱ्याला नंतर दिसे, फरक फार तर पाऊण सेकंदाच्या आसपास. त्या फरकावरून दिशा काढली तर पृथ्वी नाही, सूर्यही नाही. १९७३ मध्ये रे क्लेबेसाडेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अशा सोळा चमका जाहीर केल्या. आज आपण त्यांना गॅमा किरणांचे स्फोट म्हणतो. दूरच्या आकाशगंगांतून येणारे, विश्वातल्या सर्वांत प्रखर घटनांपैकी. पहारा द्यायला बसलेल्या माणसांनी पाव-अर्ध्या सेकंदाचा फरक मनावर घेतला, म्हणून ते सापडले.

आता जरा घराजवळ येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत आभाळ गच्च, साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला वरून फक्त ढगांची पाठ दिसणार. पूर कुठवर पसरलाय हे अशा वेळी रडारचे उपग्रह दाखवतात. युरोपच्या सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटर लांबीची असते, ती ढगांतून सहज आरपार जाते. जमीन, झाडं, भिंती ती लहर इकडेतिकडे उधळतात, त्यातली थोडी उपग्रहाकडे परत येते. पसरलेलं पाणी आरशासारखं, लहर पलीकडे परतवून लावतं, उपग्रहाकडे काहीच येत नाही. म्हणून चित्रात पूर काळा दिसतो.

पण एक अडचण आहे. सातशे किलोमीटरवरून बारा मीटरच्या अँटेनानं बघितलं तर एक ठिपका चारएक किलोमीटरचा होतो. म्हणजे गणपती मंदिरापासून विश्रामबागेच्या आसपासपर्यंतची सांगली एका ठिपक्यात. मग घरागणिक पाणी कसं दिसणार? १९५१ मध्ये अमेरिकेत गुडइयर एअरक्राफ्ट या कंपनीत कार्ल वायली यांनी यावर तोड काढली. काम लष्करासाठी होतं. रडार पुढे सरकत असताना समोरच्या जागेची लहर दाटते आणि मागे पडलेल्या जागेची ताणली जाते. ठिपका एकच असला तरी त्यातल्या प्रत्येक जागेचा डॉप्लर वेगळा. तो वेगळा करून मांडला की चार किलोमीटरचा ठिपका काही मीटरांत सुटा होतो. टेम्पोच्या हॉर्नचाच हिशेब, पण एका वेळी हजारो हॉर्नचा. आपल्या देशानं रिसॅट-२ हा रडार उपग्रह २० एप्रिल २००९ रोजी सोडला तो मुख्यतः सीमांवर नजर ठेवायला. तेच तंत्र पुरातही कामी येतं.

कंपनीतल्या कामाबद्दल थोडं. तिथे फिजिक्सवाल्याचा बराच काळ चाचण्यांत जातो. घाटात बंद पडलेली एसटी चार माणसं खाली उतरून ढकलू शकतात, उपग्रहाला ती सोय नाही. म्हणून तो वर जाण्याआधी हवा काढलेल्या मोठ्या भांड्यात ठेवून तापवतात आणि गोठवतात. जमिनीजवळचा उपग्रह दिवसाला पंधरा-सोळा वेळा उन्हातून सावलीत जातो. तिथे वारा नाही, त्यामुळे गरम भाग गार करायला हवा मदतीला येत नाही, उष्णता फक्त किरणांच्या रूपात बाहेर पडते. कुठला पृष्ठभाग काळा, कुठला चकचकीत ठेवायचा, हे पदवीच्या पुस्तकातल्या उष्मागतिकीनंच ठरतं. पावसात आमच्या छत्रीवरचं चित्र जातं, तोही हिशेब आधी केलेला असतो. त्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, सरींमधून येताना बरीच ताकद घालवतात. साताऱ्याच्या पावसाला किती ताकद राखून ठेवायची, हे कंपनीत कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

मग आपल्या मुलीनं कुठे जायचं? खरं सांगायचं तर सैन्याच्या तांत्रिक शाखांत बहुतेक वेळा इंजिनिअरिंगची पदवी मागतात. पण दार बंद नाही. कुठल्याही पदवीवर सीडीएस ही परीक्षा देऊन चेन्नईच्या ओटीएमध्ये, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, मुली जातात, तिथून सिग्नल्स ही संदेशवहनाची शाखा मिळू शकते. हवाई दलाची हवामान शाखा विज्ञान शिकलेले अधिकारी घेते, त्यासाठी एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा. डीआरडीओ फिजिक्सच्या गेट परीक्षेवर शास्त्रज्ञ घेते. आणि काम आहे. नौदलाचा जीसॅट-७ २०१३ मध्ये गेला, हवाई दलाचा जीसॅट-७ए १९ डिसेंबर २०१८ रोजी, शत्रूच्या रडारचा कानोसा घेणारा एमिसॅट १ एप्रिल २०१९ रोजी. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेहळणीच्या ५२ उपग्रहांच्या योजनेला मंजुरी मिळाल्याच्या बातम्या आल्या, त्यांतले ३१ खासगी उद्योगांनी बनवायचे आहेत. एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर बसण्याची जी सोय गेटिंग यांना होती, ती आता आपल्याकडेही होऊ लागली आहे.

हे सगळं ऐकून ती परीक्षांच्या तारखा विचारेल असं मला वाटलं होतं. तिनं मोबाइल काढून टेम्पोचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. "सर, आपण अगदी रस्त्याला लागून उभे होतो म्हणून आवाज एकदम उतरला. शेतात आत, बांधावर उभे राहिलो असतो तर हळूहळू उतरला असता ना? मग गाडीचा वेग माहीत असेल तर आवाज किती सावकाश उतरतो त्यावरून आपण रस्त्यापासून किती आत आहोत ते काढता येईल." मॅक्लूर यांची गोष्ट मी तिला तोवर सांगितलेली नव्हती. येत्या रविवारी चुलते टेम्पो घेऊन येणार आहेत. ती तीस मीटरचा टेप आणणार आहे, पण हिशेब पुरा होईपर्यंत तो पिशवीतून बाहेर काढायचा नाही असं आमचं ठरलं आहे.